मुकावीरचा रस्ता

माझ्या बापाचं नाव गत्तास.
गत्तास म्हणजे बुडी मारणारा.
जानेवारीत, बाप्तिस्म्याच्या सणाला जन्मला
म्हणून अबूना सलीबांनी ठेवलेलं.
पोहता त्याला कधीच आलं नाही.

चौतीस वर्षं त्यानं ग्रेडर चालवला
मादाब्यापासून खाली, मृत समुद्राकडे,
जिथे डोंगर गुडघे टेकत टेकत उतरतात.
चढ कापायचा, खळगा भरायचा,
वाकडं असेल ते सरळ.
देवळात हेच वाचलं जायचं
तेव्हा आई त्याला कोपरानं ढोसायची.
तो पुटपुटायचा,
"संदेष्ट्याला काय जातंय सांगायला!
खडीचा भाव विचारा त्याला."

डांबर निवायच्या आत
कामकऱ्यांना उचलून पुढच्या मैलावर नेतात.
फीत कापायला मंत्री येतो
तेव्हा हे दोन टेकड्यांपलीकडे,
धुळीत बसून कांदा आणि कालची रोटी.
"रस्ता मोठा होत गेला पाहिजे," बाप म्हणायचा,
"आपण आरशात लहान लहान होत जायचं."

शेवटचं काम मुकावीरचं.
तीच टेकडी. तिथल्याच कोठडीत
त्या पुढे धावणाऱ्याला डांबलं होतं.
उंटाच्या केसांचा अंगरखा, टोळ, रानमध,
नदीकाठी घसा फाटेस्तोवर ओरडून सांगितलेलं
की येतोय, माझ्यामागून येतोय,
आणि मग ओल, अंधार, पायांत लोखंड.
तिथून त्यानं माणसं पाठवून विचारलं होतं:
तोच ना हा?
की चुकलो मी?

या ओळींवरून अबूना सलीबा
नेहमी घाईघाईनं पुढे जात.
बाप मात्र तिथेच अडायचा.
ज्यानं वाट केली
त्यानंच शेवटी वाट पाहायची,
आणि तीही भिंतीकडे तोंड करून.
घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलायचा नाही.

आता त्याच्या छातीत चौतीस वर्षांची धूळ आहे.
नळीतून श्वास येतो, थांबतो, येतो.
काल मला जवळ बोलावून म्हणाला,
"नजला, जाऊन बघ.
त्या रस्त्यानं कुणी येतं का?"

गेले मी.
दुपारभर बसले मैलाच्या दगडावर.
एक पाण्याचा टँकर गेला.
वाट चुकलेली पर्यटकांची एक गाडी
वळून परत गेली.
संध्याकाळी एक पोरगा आला, मागे साठेक शेळ्या,
पण तो रस्त्यावरून चालतच नव्हता.
कडेच्या मातीतून चालला होता.
डांबरानं खुरं भाजतात, म्हणाला.

बापाला कसं सांगावं, कळेना.
जसं होतं तसं सांगितलं.

तो हसला. हसता हसता खोकला,
नर्स धावत आली.
"ती कडेची माती," तो म्हणाला,
"नकाशात नव्हती.
इंजिनिअरशी भांडून सोडली होती मी."