टॅब क्रमांक सतरा

कपाटाची किल्ली मुख्याध्यापिकांच्या पर्समध्ये,
बाई येतात साडेसहाला,
म्हणून आमचं एकविसावं शतक
सहा पस्तीसला उघडतं.
चोवीस टॅब. पाठीवर पांढऱ्या पट्ट्या,
आकडे माझ्याच अक्षरात.
एक चार्ज होत नाही, दोघांच्या काचेला तडा,
वहीत सगळं सहीनिशी.

कुलाब्याची रात्रशाळा.
सकाळी ह्याच बाकांवर दुसरीतली मुलं असतात.
आता तिथं उमाकांत लिफ्टमनचे गुडघे मावत नाहीत,
तो तिरका बसतो, पाय वाटेत,
आणि मी दर फेरीला ते ओलांडतो.

धानी चव्हाण, इयत्ता आठवी,
वय एकेचाळीस असावं. तिच्या हिशोबानं
मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालचं.
पहाटे तीनपासून ससून डॉकवर कोळंबी सोलते.
तिला सतरा नंबर दिला.
पडद्यावर आलं : पुढे जाण्यासाठी स्पर्श करा.
तिनं केला.
पदराला बोट पुसून पुन्हा केला.
मधलं बोट. अंगठा.
काचेला ती आहे हे कळेचना.

मी म्हणालो, बिघडलंय वाटतं,
आणि माझं बोट लावलं,
खडूपेक्षा कठीण काही न धरलेलं.
लगेच उघडलं.

तिनं हात ट्यूबलाइटखाली धरले.
बर्फानं पांढरी पडलेली पेरं,
काट्यांनी घासून गुळगुळीत.
"रेशनच्या मशीनला पण नाय कळत," म्हणाली,
"तो पोरगा बोलतो, मावशी,
तुमच्या बोटावर काय लिहिलेलंच नाय."
वर्ग हसला. तीही हसली.
मी हसलो का, आठवत नाही.

प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं.
चित्र मोठं कसं करायचं, चाचणी कशी पाठवायची,
बरोबर उत्तराला हिरवी खूण, टाळ्यांचा आवाज.
चहाबरोबरची बिस्किटं चांगली होती.
बोटांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

मग ती बोट दुमडून सांध्यानं ठोकायला लागली,
शेजारणीचं दार वाजवावं तशी.
कधी उघडे, कधी नाही.
पाठ होता संपृक्त द्रावण.
पडद्यावरच्या पेल्यात निळं मीठ पडत होतं,
विरत होतं, पुन्हा पडत होतं.
कळलं का, विचारलं.
तिनं मान हलवली.
ही मान कुठली, ते शिक्षकाला कळतं.

पहाटे चार बाराला माझा फोन उजळला.
तिचा आवाज, एक मिनिट एकोणीस सेकंद.
आधी बर्फ फुटतो आहे,
एक हातगाडी, गोरमाटीतली एक कडक शिवी,
मग :
"सर, ते द्रावण. इथं टपात मीठ टाकतो ना,
पहिल्यांदा पाणी खातं. परत टाकलं, परत खातं.
मग पोट भरतं त्याचं.
मग मीठ खाली बसून राहतं, आपल्याकडं बघत.
पण सर, पाणी गरम केलं
तर भूक परत येते काय?
पुस्तकात हाय का ते?
ठेवते, मुकादम आला."

तीनदा ऐकलं. झोप गेली.
अठ्ठावीस वर्षं शिकवतोय हा पाठ,
पाण्याला पोट असतं हे सुचलं नव्हतं.

संध्याकाळी फोन मोठ्या स्पीकरला जोडला.
बर्फ फुटला आणि सगळे गप्प.
धानीनं पदरात तोंड घातलं.
उमाकांत म्हणाला, परत लावा सर,
ते पोट भरल्याचं परत लावा.

मग शिपाईमामांची किटली आणली, दोन पेले,
एकात साखर, एकात मीठ, चमचे मोजत.
साखरेची भूक परत आली, चांगलीच आली.
मिठाची जेमतेम.
"का?" धानी.
"पुस्तकात नाही," म्हणालो.
"तुमच्यात?"
"उद्या सांगतो. मलाही बघायला लागेल."

तिनं ते वहीत उतरवलं, तारीख टाकून.
साखरेचा पेला टेकायला बाकावर जागा नव्हती,
तर सतरा नंबरच्या बंद काचेवर ठेवला.
मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या.
मी पाहिलं, आणि काही बोललो नाही.