पाऊण लिटर

धायरीत आमच्या गॅलरीला ऊन येतं दीडनंतर.
त्याआधी ते समोरच्या इमारतीचं.
दीड वाजला की कठड्याला तारेनं आवळलेली
तापकीर गल्लीतून आणलेली दहा वॅटची काच तापते,
पंप एकदा खोकतो,
आणि टाकीतलं पाणी नळीनं वर चढतं
उभ्या चिरलेल्या पाइपात, खडीत,
जिथं पुदिना आणि एक कर्दळ
पाय पाण्यात सोडून बसलेत.
माशांनी टाकलेलं मुळं खातात.
पुढचं रसायन मला येतं,
घरी मी ते बोलत नाही.

दवाखान्यात तेच तर करते.
आठ खाटा, आठ मशिनी,
चार-चार तास माणसांचं रक्त गाळायचं,
अलार्म वाजला की धावायचं.
सहा नंबरला तांबोळी चाची, मंगळवार-शुक्रवार.
त्यांना दिवसाला पाणी पाऊण लिटर.
चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट,
सगळं धरून.

एकदा मोबाइलवर टाकी दाखवली.
चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ बघत राहिल्या.
किती लिटरची?
साठ.
मासे?
नऊ. गप्पी. डासांसाठी महापालिकेचा माणूस देऊन गेला.
म्हणजे एकेकाच्या वाट्याला...
भागाकार सुरू केला
आणि मध्येच सोडून दिला.

मनीप्लँट नाही लावलास?
नर्सरीतून आणला होता, चाची. कुजला.
विकत आणलास? वेडी आहेस.
तो चोरून आणायचा. चोरलेला धरतो.

पुढच्या शुक्रवारी पिशवीतून
ओल्या रुमालात गुंडाळलेली कांडी निघाली.
तीन पानं, एक डोळा.
आमच्याच मोठ्या डॉक्टरांच्या
केबिनबाहेरच्या कुंडीतली.

ती मी पाइपात नाही लावली.
टाकीच्या कडेलाच अडकवली, कपड्यांच्या चिमट्यानं.
महिन्याभरात मुळं तळाला टेकली,
गप्पीची पिल्लं त्यांत लपायला लागली.

श्रावणात आठ दिवस आभाळ बंद.
पंप गप्प, पुदिन्यानं मान टाकली.
रात्रपाळीहून आले की चप्पल न काढता
आधी टॉर्च मारायची,
मासे वर येऊन तोंडं उघडतायत का.
नाही. पाणी नितळ.
कोणी काही न चालवता
ती चोरटी मुळं
अंधारात आपलं चाललेलंच.

शुक्रवारी चाची काट्यावर उभ्या राहिल्या.
साडेतीन किलो जास्त.
मी आकडा दोनदा वाचला.
चाची, पाणी प्यालात?
त्या पावलांकडे बघत होत्या,
चपलेचा पट्टा रुतला होता मांसात.
चोरून, म्हणाल्या.
फ्रीजमधलं, रात्री, उभ्यानं, अख्खी बाटली.
मग माझ्याकडे बघून हसल्या.
चोरलेलं धरतं गं.

मला रागवायचं होतं.
सुई लावली, चिकटपट्टी ओढली,
मशीनवर अर्धा तास वाढवला.
खिडकीत नुकतं ऊन पडलं होतं.
घड्याळ बघितलं: एक पन्नास.
चाचींनी विचारलं,
चालू झाला असेल ना गं तुझा?