वेशीवरचा पहारा

रात्री अकराला वडगावातले माग थांबतात
तेव्हा आमचा किल्ला जागा होतो.
मी दुर्गपती. नियम माझे:
वेशीच्या आत मोबाईल नाही, बाईक नाही,
"नेट गेलं रे" नाही.
नेट गेलं तर मूर्च्छा आली म्हणा.

भरमाणी सरदार आहे, पण घोड्यावरून उतरताना
"पेट्रोल संपलं" म्हणतो
आणि स्वतःच हसतो.
रेणू मोदगेकर चिडते. तिनं तिच्या वैदूबाईला
तीन पिढ्यांचा इतिहास, एक शाप
आणि डाव्या खांद्यावर जुना व्रण दिलाय.
"ह्याला भूमिका म्हणायची?"
"खेळ हाय की गं, परीक्षा न्हवं."
तीन रात्री लढाई नाही. नुसती हीच पंचाईत.

चौथ्या रात्री बर्फ पडत होतं
(किल्ल्यावर पडतं; वडगावात कुणी बघितलेलं नाही).
वेशीशी कुणी परका आला, गप्प उभा राहिला.
पहाऱ्यावर सिद्राय. दिवसा कांड्या भरतो,
त्याच्या पहारेकऱ्याला इतिहास नाही, नावही नाही.
परवलीचा शब्द विचारायचा होता त्यानं.
भाला खाली टेकवून विचारलं,
"ऊटा आतेन्री?"
जेवलात का.

मी गुण कापले.
रेणू म्हणाली, भाषा नियमात कुठंय?
भरमाणी म्हणाला, "दुर्गपती, तुझं तू जेवलास काय?"
मग पुन्हा सुरू.

परका मात्र हलेना, बोलेना.
मूर्च्छा आली असावी.
आम्ही एकेक झोपायला गेलो.
सकाळी माग सुरू झाले तेव्हा पाहिलं,
सिद्राय अजून तिथंच,
मशाल त्याच्या अंगावर धरून.