मुकुटबन फाट्यावर, ब्रेकचं काम

कोवे मिस्तरीच्या उजव्या कानात
पंधरा वर्षांपासून नुसता भुंगा आहे.
तरी हवा कुठून सुटते ते तोच सांगतो.
पोत्यावर उताणा सरकतो बाराचाकीखाली,
गाल ओला करतो, पाइपाला नेतो,
जॉइंटमागून जॉइंट.
‘हितं.’
मी साबणाचं पाणी मारतो. फेस फुगतो.
हितंच.

ड्रायव्हर राजूरचा, श्रावण तोडासे.
म्हणतो, ‘पुलाच्या उतारावर पाय देल्ला
तं गाडी इचार करत बसली.
पुढं मेंढ्या. दोन हातावर थांबलो.
नुसतं टाइट करून द्या, काट्यावर नंबर हाय माझा.’

‘टाइट कायले? लायनर हाय कुठं?’
ड्रम ओढला तर रिव्हेटांनी आत
गोल गोल रेघा गिरवलेल्या.
टँकचा नळ सोडला.
दुधासारखं पाणी, वर तेल, मग कोळशाचा गाळ.
‘हे रोज सकाळी सोडाचं असते ना बाप्पा,’
मिस्तरी म्हणाला.
श्रावण चपलेकडं बघत राहिला.

चाकांना सागाचे ओंडके लावले.
मागच्या डब्याला मी पाना लावला
आणि मिस्तरीनं माझं मनगट धरलं.
‘पहिले बोल्ट घालून बांध तिले.’
आत स्प्रिंग दबून बसलेली असते.
मिस्तरीचे वरचे तीन दात वणीला गेले, अशाच एका डब्यात.
‘हँडब्रेक हवा लावत नाई, पोट्ट्या, हवा सोडते.
हवा सरली का हे उठते अन् चाक धरते.
थांबणं हिच्या अंगातच हाय.
चालाची असन गाडी
तं हिले कोणीतरी दाबून धराव लागते.’

अंधार पडला. लायनर उधारीवर आलं,
वहीत श्रावणनं सही केली, आडनाव अर्धंच.
स्लॅक पुरता आवळला, मग अर्धा फेरा मागं.
आठपर्यंत हवा भरली, इंजिन बंद.
खर्रा घोटून होईस्तोवर
तिघं सुईकडं बघत बसलो.

‘ऐकू येते काई?’ मिस्तरीनं विचारलं.
मी कान दिला.
लांब खाणीवरचे डंपर, रातकिडे,
केबिनमध्ये श्रावणच्या फोनवर बायकोचा आवाज:
जेवले का, निघाले का.
‘काही नाही,’ म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं.
डबकीत बोटं बुडवून गाल ओला केला
आणि पुन्हा खाली सरकला.