प्रत

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटा तपासल्या.
एक दुसरीसारखी आहे ना, एवढंच बघायचं.
शाई फुटली, रेघ सरकली, आकडा अर्धा उठला
की बाजूला. फरक म्हणजे दोष.
त्या नजरेला निवृत्ती नसते,
ती तशीच घरी येते.

आता जेलरोडच्या गच्चीवर, टाकीच्या आडोशाला
आठ इंची आरसा,
युनूस पटवेकरने सातपूरला सुट्ट्यांच्या दिवशी घासलेला.
कॅमेरा उधारीचा.
पुष्याच्या पूर्वेला दोन बोटांवर
एक ठिपका. इतका साधा, की पहिला महिनाभर
मी भलत्याच ताऱ्याला मोजत होते.

हा तारा नाही.
एका दीर्घिकेचं पेटतं पोट आहे ते,
आत कृष्णविवर, कदाचित दोन.
माझी झेप तिथवर नाही.
मला येतं ते एवढंच:
शेजारचे न बदलणारे दोन तारे धरायचे,
याच्याहून उजळ, त्याच्याहून मंद,
आणि आकडा लिहायचा.
त्या आकड्याला म्हणतात प्रत.
ऐकून मी मोठ्याने हसले होते.
जन्मभर प्रतीच तर मोजल्या.

देवळालीच्या रेंजवर रात्री तोफा चालतात.
गच्ची हलत नाही, आरसा हलतो,
ठिपक्याला शेपूट फुटतं.
वहीत त्या फोटोपुढे लाल पेनाने
मी अजून 'रद्द' लिहिते.

फेब्रुवारीतला मंगळवार.
पंधरा पूर्णांक एकवरून चौदा पूर्णांक सहा,
दोन रात्रींत.
(इथे आकडा उतरला की उजेड चढतो.)
हात सवयीने बाजूला काढायला गेला.
पुन्हा घेतला. पुन्हा तेच.
युनूसला फोन करून उठवलं.
"दव असेल आरशावर."
"दवाने तिघंही मंद होतील. दोघं जागच्या जागी आहेत."
बराच वेळ त्याच्याकडचा पंखा ऐकू येत राहिला.
मग म्हणाला, "म्हणजे तिकडेच काहीतरी झालंय."

तिकडे झालं तेव्हा गोदावरी नव्हती,
अंजनेरीच्या काळ्या दगडाचा
लाव्हासुद्धा अजून उसळायचा होता.
आणि मी स्वेटरची बाही ओढून घेत
फरकाला पहिल्यांदा
बरोबर अशी खूण केली.

बुधवारी आभाळ भरलं. गुरुवारीही.
वहीत दोन ओळी कोऱ्या आहेत.
तारीख घालून, सही करून ठेवल्यात.
कोऱ्या कागदाचाही हिशेब
आमच्याकडे द्यावा लागायचा.