पाच चांदण्या

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
काम एवढंच: कृष्णेच्या पाण्याचा आकडा
पडद्यावर दिसला पाहिजे.
दोन लायब्रऱ्या उघडून बसलेय. दोन्ही फुकट.

पहिली घड्याळाची.
पाच चांदण्या ओळीत मांडल्या
की मिनिटामिनिटाला उठते,
पट्टी वाचते, नोंदते, झोपते.
लिहिणारा कुठला, ठाऊक नाही.
तीन वर्षांत त्यानं हिला हात लावलेला नाही.
चालतेय मात्र.

दुसरीला वेळ कळत नाही.
आकडा हलला की ती हलते
आणि तिला टेकलेलं सगळं:
आलेख, रंग, कोपऱ्यातला लाल ठिपका.
इम्तियाज शिकलगार म्हणाला,
"मिरजेला ये, मामाच्या कारखान्यात.
तरफेच्या तारा दाखवतो.
वरची छेडली की खालच्या आपापल्या बोलतात."
खरंय.
पण येताना अडतीस पाकिटं ओढून आणते,
आणि दर सहा महिन्यांनी
स्वतःचीच नावं बदलते.

तरी मी हिच्याच बाजूची होते.
देखणी गोष्ट कुणाला नको?

मग बाहुबली मगदूम आले, पट्टी वाचणारे,
चपला दाराबाहेर काढून.
ठिपका लाल होताना पाहिला त्यांनी,
पुन्हा एकदा करायला लावला.
"झ्याक हाय," म्हणाले.
"पर रात्री तीनला ह्यो पडदा कोण उघडनार?"

इम्तियाजनं पंखा उगाच एकवर आणला.

आता दोन्ही आहेत.
दिवसा तारा, रात्री चांदण्या.
काल तीन वाजता पहिला निरोप गेला:
पाणी स्थिर.
तीन वाजून एक मिनिटानं
मगदुमांचं उत्तर:
बगितलं. हितंच उभा हाय.