मधलं तेल

शारजाहून दिगंबरचा निरोप:
गुरुवारी कंटेनर बंद होतोय.
कन्व्हर्टर कितीचा घेऊ? चोवीसशे, तीन हजार,
की अडतीसशे? लवकर सांग.

मी अडतीसशे ठरवून टाकलं होतं.
मोठा आकडा. दुसरं कारण नव्हतं.

मन्सूरभाई पेवेकरांनी आधी गिअरबॉक्सची काठी उपसली,
फडक्यावर पुसली, फडकं नाकाशी नेलं.
नवं असतं तेव्हा हे तेल आगळासारखं लाल.
आता तळाशी राहिलेला लोणच्याचा खार.
"हे तापून मेलंय, ताई.
आणि तुम्ही अजून तापवायचं म्हणताय."

मग त्यांनी बाकावर दोन पंखे
समोरासमोर ठेवले.
एकाची वायर लावली, दुसऱ्याची लोंबती ठेवली.
पहिला फिरला. बऱ्याच वेळानं दुसरा,
रात्रपाळी करून आलेल्या माणसानं कूस बदलावी तसा.

"इंजिन हा. गिअर हा. वाऱ्याच्या जागी तेल.
लोखंड लोखंडाला शिवतच नाही.
मधोमध तिसरं एक चाक असतं,
परतणाऱ्या तेलाचा कान धरून
पुन्हा कामावर धाडणारं.
ते काही इथं दाखवता यायचं नाही."
तरी त्यांनी मधे पंजा धरून पाहिला.

"अडतीसशे म्हणजे काय,
पाय दाबलात, इंजिन बोंबललं,
गाडी आपली विचार करतेय.
चालवता कुठं?"

खरं सांगायचं तर
वर्षातून एक रविवार, बंद पडलेल्या एका धावपट्टीवर
चारशे मीटर. गेल्या खेपेला तेरा पूर्णांक चार.
बाकी अख्खं वर्ष
धोपाव्याचं घर ते दाभोळचा बर्फाचा कारखाना,
म्हणजे खाडी, म्हणजे फेरीबोट,
म्हणजे ओहोटीला उघडा पडलेला धक्क्याचा चढ,
शेवाळ, मासळीचं पाणी,
आणि मागे नाकाला नाक लावून सुरमईचा टेम्पो.

"तेरा सेकंद,"
मन्सूरभाईंनी बोटांची पेरं मोजली, तेराव्याला थांबले.
"तेवढ्यासाठी रोजचा चढ नासवणार?"

मी म्हटलं, ते तेरा माझे आहेत.
लाद्या मोजून, बिलं फाडून, एवढेच उरतात.

ते हसले नाहीत.
"टर्बो कधी उठतो?"
एकोणतीसशेला.
"वजन?"
चौदाशे ऐंशी, मला धरून.
"मागचा डिफरन्शियल?"
मूळचाच.
विड्यांच्या पाकिटामागे काहीतरी लिहिलं, खोडलं,
पुन्हा तेच लिहिलं.
"तीन हजार. त्याच्यावर जाऊ नका.
आणि तेलाला वेगळा कूलर, पुढच्या जाळीशी.
तो नसेल तर गाडी दुसऱ्याकडे न्या."

दिगंबरला कळवलं: तीन हजार.
तो: एवढाच? घाबरलीस?
मी कूलरचा भाव विचारला.

आश्विनात बसवला.
दुसऱ्याच दिवशी नेमकी मोठी ओहोटी,
चढ पार तळापर्यंत उघडा, चकाकणारा.
फेरीवरचा पोरगा हात हलवतोय: येवंदे, येवंदे.
डावा पाय ब्रेकवर, उजवा अलगद.
बाराशेवर इंजिन काहीतरी म्हणतं.
गाडी ऐकून घेते.
चौदाशे. ब्रेक सोडते आहे, सोडते आहे.
दोघांच्या मधे कुठंतरी
लाल, नवं, न दिसणारं ते तेल
रेटा द्यायला लागलंय, पोचलेलं नाही.
टेम्पोनं हॉर्न दिला.
"बाय, गाडी निजली काय?"

सोळाशे.
लोखंडी फळी एकदाच खणकते
आणि आरशात तो पोरगा
अजून हात हलवतोय, टेम्पोला.